नकार तोंडी नको, लेखी द्या!

मेडिक्लेमचा दावा नाकारला गेला की आपल्या माणसांचे पुढे काय होते, हे मी रत्नागिरीत गेली काही वर्षे जवळून पाहतो आहे. पुढे काहीच होत नाही. माणूस घरी येतो, पतपेढीत सोने गहाण ठेवतो, बचत गटातून कर्ज उचलतो आणि "आपल्या नशिबात नव्हते" असे म्हणून गप्प बसतो. नशीब, प्रारब्ध, भोग हे शब्द आपण धर्मांतराबरोबर सोडून दिले असे म्हणतो. दवाखान्याच्या बिलासमोर ते पुन्हा तोंडात येतात.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. विमा कंपनीचा नकार हा निकाल नसतो. ते एका पक्षाचे म्हणणे असते. ते खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, आणि कंपनीला ती पार पाडायला लावण्याचे मार्ग कायद्यात आहेत. मात्र त्यासाठी नकार कागदावर आला पाहिजे. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही, आणि नाकारणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

उदाहरण माझ्या घरातलेच देतो. माझा थोरला भाऊ रिक्षा चालवतो. ऑगस्ट २०१७ मध्ये ओळखीच्या एजंटाकडून त्याने मेडिक्लेम पॉलिसी घेतली आणि दरवर्षी न चुकता हप्ता भरला. जानेवारी २०२५ मध्ये एका रात्री त्याच्या छातीत कळ आली. रत्नागिरीत प्राथमिक उपचार झाले आणि पहाटे आंबा घाटातून रुग्णवाहिका कोल्हापूरला निघाली. तिथल्या एका खासगी रुग्णालयात दोन स्टेंट टाकले. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने वहिनीला सांगितले, "तुमचे कॅशलेस रिजेक्ट झाले आहे, पैसे भरून घ्या." कारण विचारले तर उत्तर आले, "ते कंपनीला विचारा." बिल होते दोन लाख सेहेचाळीस हजार. वहिनीचे सोने पतपेढीत गेले, वाडीतल्या महिला बचत गटाने चाळीस हजार दिले, उरलेले चुलत्यांनी मुंबईहून पाठवले.

इथे बहुतेक घरांची गल्लत होते. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे नाही. कॅशलेस ही पैसे देण्याची एक पद्धत आहे. ती नाकारली गेली तरी बिल भरून, सगळी कागदपत्रे जोडून, भरपाईचा दावा नव्याने करता येतो. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. हे आकडे प्रत्येक घरात पाठ असायला हवेत, कारण काउंटरवर आपल्याला ते कोणी सांगत नाही.

आम्ही फेब्रुवारीत भरपाईचा दावा केला. मार्चमध्ये इंग्रजीत एक ईमेल आला. त्यात सारांशाने एवढेच होते की विमाधारकाने उच्च रक्तदाबाची माहिती लपवली, म्हणून दावा फेटाळला. पुरावा काय? रुग्णालयाच्या केस पेपरवरची एक ओळ. रात्रपाळीच्या डॉक्टरने घाईत विचारले होते, "बीपी किती वर्षांपासून?" नवरा आत तडफडतो आहे आणि वहिनी दारात उभी. ती म्हणाली, "असेल सात-आठ वर्षं." डॉक्टरने आठ वर्षे असे लिहिले. जानेवारी २०२५ मधून आठ वर्षे वजा केली की आपण पॉलिसीच्या आधी जातो. झाले, माणूस लबाड ठरला.

वस्तुस्थिती वेगळी होती. दादाचा रक्तदाब पहिल्यांदा सापडला तो २०२१ मध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथला केस पेपर वहिनीने प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवला होता. दुसरे म्हणजे पॉलिसी सलग सात वर्षे चालू होती. २०२४ च्या नियमांनी असे ठरवले आहे की आरोग्य विमा सलग साठ महिने चालू राहिला की माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, ती पाचवर आली. पॉलिसीतल्या बाकीच्या मर्यादा आणि कायमचे अपवाद राहतात, पण "तुम्ही आम्हाला सांगितले नव्हते" हे हत्यार पाच वर्षांनंतर बोथट होते. सात वर्षे हप्ता घेणाऱ्या कंपनीला हा नियम माहीत नव्हता असे कोणी म्हणेल का?

एजंटाने सल्ला दिला, "कंपनीशी कोण भांडणार? उद्या पॉलिसी रद्द करतील." दादाही म्हणाला, "जाऊ दे रे, जीव वाचला हेच खूप." या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. जीव वाचला तो डॉक्टरांमुळे आणि बचत गटातल्या बायांमुळे. कंपनीने त्यात काय केले? तिने हप्ता घेतला होता आणि तिचे काम तिने केले नव्हते. तरी आपल्याला वाटते की आपणच कोणाचे तरी देणे लागतो.

एप्रिलमध्ये आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मराठीत पत्र लिहिले, ईमेलने आणि पोस्टानेही. दीड पानाचे पत्र, शिव्या नाहीत, विनवण्याही नाहीत. पॉलिसी २०१७ पासून अखंड असल्याच्या नूतनीकरणाच्या प्रती जोडल्या. आरोग्य केंद्राचा २०२१ चा केस पेपर जोडला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडले की आठ वर्षे ही नोंद नातेवाइकाच्या अंदाजावरून झाली होती. आणि तीन प्रश्न विचारले. पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला? कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीने या नकाराला मंजुरी कधी दिली? फसवणूक झाली असा तुमचा आरोप असेल तर त्याचा पुरावा कोणता?

हे तीन प्रश्न प्रत्येकाने लक्षात ठेवावेत, कारण त्यातले पहिले दोन नियमांतूनच आले आहेत. दावा नाकारताना पॉलिसीतल्या विशिष्ट अटीचा उल्लेख करून कारण द्यावेच लागते. आणि अशा समितीच्या मंजुरीशिवाय कोणताही दावा नाकारता येत नाही. कोणा एका कारकुनाने किंवा मध्यस्थ टीपीएने परस्पर नाही म्हणून चालत नाही.

मे महिन्यात उत्तर आले, "आमचा निर्णय कायम आहे." तीनपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. मग जूनमध्ये विमा लोकपालाकडे तक्रार केली. आपला जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही, आणि माझ्या मते ही त्या व्यवस्थेतली सर्वात लोकशाही गोष्ट आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही की लोकपालाकडे जाता येते, पण नकारापासून एका वर्षाच्या आत. पन्नास लाखांपर्यंत भरपाईचा आदेश देण्याचा लोकपालाला अधिकार आहे. हा आदेश कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. आपले समाधान झाले नाही तर पुढचा रस्ता मोकळा राहतो. आदेश मिळून तीस दिवसांत कंपनीने तो पाळला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला पाच हजार रुपये द्यावे लागतील, असेही २०२४ च्या परिपत्रकात आहे.

सुनावणीची वेळ आलीच नाही. नोटीस निघाल्यावर कंपनीने तडजोडीची तयारी दाखवली आणि सप्टेंबरमध्ये दोन लाख एकतीस हजार रुपये दादाच्या खात्यात जमा झाले. वजावट होती ती हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंची. पतपेढीला आठ महिने भरलेले व्याज मात्र आमचेच गेले. जो दावा मार्चमध्ये खोटा होता, तो सप्टेंबरमध्ये खरा कसा झाला? कागद तेच होते, आजार तोच होता. मध्ये फरक पडला तो इतकाच की आता कोणीतरी तिसरा माणूस कंपनीला कारण विचारणार होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सिद्ध कोणी करायचे? सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे की पॉलिसीतला अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो. कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाच्या बाजूचा अर्थ घ्यायचा, कारण मसुदा कंपनीने लिहिलेला असतो. डिसेंबर २०२१ मध्ये मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या खटल्यात न्यायालयाने म्हटले की अर्जातला एखादा रकाना कोरा असताना कंपनीने हप्ता घेऊन पॉलिसी दिली असेल, तर नंतर तिला माहिती लपवल्याची ओरड करता येणार नाही. आपल्याकडे अर्ज कोण भरतो? एजंट. आपण करतो फक्त सही. त्यामुळे हा निकाल आपल्या कामाचा आहे. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या, ती मिळणे हा तुमचा हक्क आहे. त्यात तुमच्या नावाने काय लिहिले गेले आहे ते आज, धडधाकट असताना वाचा.

सिद्ध करण्याचा भार कोणावर, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, तेही ठरावाने, कागदावर. प्रत्यक्षात ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत तळ्यापर्यंत गेली तेव्हा. त्यानंतर सनातन्यांनी दिवाणी दावा लावला आणि तो थेट १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला. निकाल कशावर लागला? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, हे दावा लावणाऱ्यांना सिद्ध करता आले नाही यावर. आम्हाला पाण्याचा अधिकार का आहे, हे आम्ही सिद्ध करायचे नव्हते. आम्हाला का नाही, हे त्यांनी सिद्ध करायचे होते. महाड आणि मेडिक्लेम यांची बरोबरी मी करत नाही. पण दार अडवणाऱ्याला "कारण दाखव" असे विचारण्याची सवय आपण तिथून शिकलो, आणि ती सवय दवाखान्याच्या काउंटरपाशी आपण विसरतो.

काही कार्यकर्ते मला म्हणतात, यात जातीचा काय संबंध? काउंटरवर कोणी जात विचारत नाही. खरे आहे. पण काउंटरच्या मागे काय चालते ते पाहा. ज्याचा मेहुणा डॉक्टर आहे, भाचा वकील आहे, शेजारी विमा कंपनीत अधिकारी आहे, तो दावा अडकला की एक फोन करतो. त्याला नियम माहीत असण्याची गरजच नसते, ओळख त्याचे काम करते. बौद्धवाडीतल्या माणसाच्या मोबाइलमध्ये असे नंबर नसतात. ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे साचली आणि कोणाकडे साचू दिली नाही, हा जातीचाच इतिहास आहे. खोतीच्या काळात आमच्या आजोबांसाठी खोताचा शब्द हाच कागद होता. त्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत विधेयक मांडले. जिथे ओळख नाही, तिथे कागद हीच आपली ओळख.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खासगी विम्याच्या नादी कशाला लागायचे, आरोग्य ही सरकारची जबाबदारी नाही का? आहेच. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी तरतूद सुचवली होती. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. गिरणगावात राबणाऱ्या कोकणातल्या किती चाकरमान्यांनी त्या कार्डावर औषधे घेतली असतील! म्हणजे विमा ही बाजारातली वस्तू नसून कष्टकऱ्यांचा हक्क आहे, ही मांडणी आपलीच आहे. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले, तो रस्ता बाबासाहेबांचा नव्हता. त्याविरुद्ध राजकीय लढा चालू ठेवूच. पण तोवर दादासारख्या रिक्षावाल्याचा भरलेला हप्ता कंपनीला सोडून द्यायचा का? मजुरीची व्यवस्था अन्यायाची आहे म्हणून कोणी बुडवलेली मजुरी माफ करतो का?

शिवाय सरकारी योजनेतही नकार आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या एका आजींना एका रुग्णालयात सांगितले, "हे ऑपरेशन योजनेत बसत नाही, साठ हजार जमा करा." मी आणि तिचा नातू आरोग्यमित्राच्या टेबलापाशी गेलो. भांडलो नाही. एवढेच म्हणालो, "बसत नाही हे लेटरहेडवर लिहून द्या, सही-शिक्का आणि तारखेसह. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्जाला जोडायचे आहे." पाऊण तासाने तेच ऑपरेशन योजनेत बसले. फुल्यांच्या नावाच्या योजनेत फुल्यांच्याच लेकरांना असे अडवले जाते. तिथे १५५३८८ हा योजनेचा क्रमांक त्याच टेबलासमोर उभे राहून लावावा आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समिती असते, तिच्याकडे लेखी अर्ज द्यावा.

खासगी कंपनीबाबत पायऱ्या वेगळ्या आहेत आणि त्यांच्या मुदती पाठ कराव्यात. आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याबरोबर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद. मग वर्षाच्या आत विमा लोकपाल. आणि दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय चेन्नईत असो की पुण्यात, रत्नागिरीच्या जिल्हा आयोगासमोर तिला यावे लागते. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. एक खबरदारी घ्यावी: तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, नंतर आयोग.

हे सगळे एकट्याने करणे जड जाते, आणि आजारी माणसाच्या घरात तेवढे त्राण नसते. म्हणून माझी सूचना संघटनेला आहे. आपल्या प्रत्येक विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कागदांसाठी ठेवावा. ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी ती आणावी आणि वाडीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी ती मोठ्याने वाचून दाखवावी. कंपनीने द्यायचे माहितीपत्रक मागितल्यास मराठीत मिळते, ते मागवून घ्यावे. नूतनीकरणाच्या पावत्या, जुने केस पेपर, भरलेल्या अर्जाची प्रत, सगळे एका फाइलमध्ये लावावे. केस पेपरवर डॉक्टर काय लिहितात ते रुग्णालयातून निघण्याआधी वाचून घ्यावे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगावे. वहिनीच्या एका अंदाजाने अडीच लाख अडकले होते. पुढच्या घरात तसे होऊ नये.

आणि ज्यांचा दावा आजवर नाकारला गेला आहे त्यांनी घरातली ती पिशवी उघडून नकाराची तारीख पाहावी. वर्ष उलटले नसेल तर लोकपाल आहे, दोन वर्षे उलटली नसतील तर आयोग आहे. कागद घेऊन या, बसून पत्र लिहू.

जय भीम! जय संविधान!